खात्री करून घेणं आपलं काम नाही

"आधी खात्री करून घेऊ, मग बघू."

मूल काहीतरी सांगतं, किंवा काहीच सांगत नाही पण त्याच्याकडे बघून आपल्या पोटात धस्स होतं. अशा वेळी मोठ्या माणसांच्या तोंडून सगळ्यात आधी हेच वाक्य निघतं. शाळेत निघतं, सोसायटीत निघतं, घरात तर हमखास. बोलणारा माणूस वाईट नसतो. उगाच कुणावर आळ नको, मुलीचं नाव चव्हाट्यावर नको, भावाभावांत वितुष्ट नको, एवढंच त्याच्या मनात असतं. मी वीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. हे वाक्य मीही म्हटलेलं आहे आणि त्याची बोच अजून आहे. म्हणून मुलांवरचा अत्याचार, त्यांची हेळसांड आणि त्याबाबतचा कायदा समजावताना सुरुवात याच वाक्यापासून करते.

खात्री करून घ्यायची म्हणजे घरात नेमकं काय होतं? सात वर्षांची मुलगी आईला सांगते. आई आजीला सांगते. आजी मुलीला जवळ बोलावून विचारते, "खरं सांग हं, असं झालं का?" संध्याकाळी बाबा विचारतात, तेव्हा त्यांचा आवाज चढलेला असतो. मग ज्याचं नाव आलं त्यालाच बोलावून जाब विचारला जातो. तो हसून म्हणतो, "अहो, चेष्टा केली मी तिची." दुसऱ्या दिवशी तो मुलीला एकटी गाठतो आणि सांगतो, तुझ्यामुळे आता तुझी आई तुरुंगात जाणार. एव्हाना फ्रॉक धुऊन दोरीवर वाळत पडलेला असतो. पाचव्यांदा विचारल्यावर मुलगी म्हणते, "नाही, तसं काही नाही झालं." घरातल्यांचा जीव भांड्यात पडतो. मुलीला मात्र कळून चुकलेलं असतं की सांगून उपयोग नाही. पुढे बरीच वर्षं ती कुणाला काही सांगत नाही.

कायद्याने हे ओझं आपल्या डोक्यावरून उतरवून ठेवलं आहे, पण बहुतेकांना ते माहीतच नसतं. बालकांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, ज्याला आपण सगळे पोक्सो म्हणतो, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालचा मुलगा असो की मुलगी, दोघांनाही तो सारखाच लागू होतो. त्याचं कलम १९ सांगतं की असा गुन्हा घडल्याचं कुणालाही कळलं, किंवा घडेल अशी भीती वाटली, तर त्याने पोलिसांना कळवायचं आहे. 'कुणालाही' यात शिपाई, शिक्षक, रिक्षावाले काका, डॉक्टर, शेजारीण, मावशी असे सगळे आले. पुरावा गोळा करा, साक्षीदार आणा, मुलाची उलटतपासणी घ्या, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. तपास पोलिसांचा, निवाडा न्यायालयाचा. आपण फक्त कळवायचं.

माहीत असून कळवलं नाही तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर वर्षभरापर्यंत. तक्रार नोंदवून न घेणारा पोलीसही याच कलमात येतो. न सांगितल्याबद्दल मुलाला मात्र कधीच शिक्षा नाही.

हे कलम नुसतं कागदावरचं नाही. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या एका वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाले. त्या मुलींवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरवर, कळूनही पोलिसांना न कळवल्याचा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश बाजूला सारला. माहीत असून गप्प राहणं हाच गंभीर गुन्हा आहे आणि बहुतेकदा त्यामागे गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचा प्रयत्न असतो, असं न्यायालयाने स्पष्ट केलं.

"आणि आपलं चुकलं तर?" हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो आणि तो रास्तही आहे. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कोणतीही कारवाई होत नाही, असं कायदाच म्हणतो. जाणूनबुजून, कुणाला अडकवण्यासाठी खोटी तक्रार करणाऱ्याला शिक्षा आहे. ती तक्रार मुलाने केली असेल तर त्याला तीही नाही.

आता गुन्ह्यात काय काय येतं ते. यातही लोकांची समजूत अपुरी असते. बलात्कार म्हणजेच अत्याचार, बाकीचं 'तसं काही विशेष नाही', असं समजलं जातं. वाईट हेतूने केलेला स्पर्श हा गुन्हा आहे. स्पर्श न करता मुलाला अश्लील चित्रं दाखवणं, त्याला कपडे काढायला लावणं, त्याच्यासमोर नको ते चाळे करणं, त्याचा सतत पाठलाग करणं हेही गुन्हेच आहेत. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एका प्रकरणात असं म्हटलं होतं की कपड्यांवरून केलेला स्पर्श पोक्सोखालचा लैंगिक हल्ला ठरत नाही, त्वचेला त्वचा लागायला हवी. देशभर संताप उसळला. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. मधे कापड होतं की नव्हतं याला महत्त्व नाही, हेतू काय होता ते बघायचं, हा त्याचा साधा अर्थ.

देवमाणूस

मुलांना आपण 'अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नकोस' हे घोकून घोकून शिकवतो. ते शिकवावंच, पण धोका बहुतेक वेळा दुसऱ्याच दिशेने येतो. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, आणि या मुलांत मुलगे निम्म्याहून थोडे जास्तच होते. अत्याचार करणाऱ्यांत निम्मे जण ओळखीचे, विश्वासातले होते. पोलिसांपर्यंत पोचलेल्या बालबलात्काराच्या गुन्ह्यांत तर दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी मुलाच्या ओळखीचाच असतो.

अशी माणसं एकदम झडप घालत नाहीत. आधी ती मूल हेरतात. घरात ज्याच्याशी बोलायला कुणाला वेळ नाही, वडील बाहेरगावी आहेत, कौतुकाला जे आसुसलेलं आहे, असं. मग खाऊ, मोबाईलवर गेम, शिकवणीत जादा लक्ष. घरच्यांनाही ती तितक्याच चिकाटीने आपलंसं करतात: गॅसचा सिलिंडर आणून देतील, आजीला दवाखान्यात नेतील. हळूहळू 'हे आपलं गुपित' सुरू होतं, आधी साध्याशा गोष्टीचं. मूल गुपित पाळतं की घरी सांगतं, हे त्यातून अजमावलं जातं. शेवटी, 'तूच तर खाऊ घेतलास ना', म्हणून दोष मुलाच्याच पदरात टाकला जातो. याला ग्रूमिंग म्हणतात. मूल का बोललं नाही याचं उत्तर या टप्प्यांतच दडलेलं आहे. बोलायचं ठरवावं तर घरात ज्या माणसाला देवमाणूस म्हणतात, त्याच्याविरुद्ध बोलावं लागतं.

गोव्याने हे फार मोठी किंमत मोजून शिकलं. १९९१ साली मडगावलगतच्या फातोर्ड्यात अनाथ मुलांसाठी आश्रम चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला अटक झाली. गरीब मुलांना आसरा देणारा परोपकारी म्हणून लोक त्याला ओळखत होते. पोलिसांच्या हाती मुलांचे २,३०५ अश्लील फोटो लागले. परदेशी पुरुषांकडून पैसे घेऊन तो ती मुलं त्यांच्या हवाली करत असे. मार्च १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. पुढे २००३ मध्ये गोव्याने मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला, म्हणजे पोक्सोच्या कितीतरी आधी. त्यातली एक तरतूद मला फार मोलाची वाटते. फोटो धुऊन देणाऱ्या स्टुडिओवाल्याला रिळात मुलांची अश्लील चित्रं दिसली तर त्याने पोलिसांना कळवायचं. म्हणजे ज्याचा त्या मुलाशी काहीच संबंध नाही, केवळ डोळ्यांखालून ते गेलं, त्यानेही गप्प बसायचं नाही.

आता तो स्टुडिओ आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे. मुलांची अशी चित्रं, व्हिडिओ नुसते बाळगणंही गुन्हा ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा ठामपणे सांगितलं. तरी एखादी घटना उघडकीला आली की चांगली माणसंच 'या नराधमाला पकडा' असं लिहून तोच व्हिडिओ ग्रुपवर टाकतात. कृपा करून असं करू नका. त्या मुलाचं नाव, चेहरा, शाळा, गल्ली, काहीही पसरवणं कायद्याने बंद आहे. दहा वर्षांनी ते मूल कॉलेजात असेल आणि तो व्हिडिओ तेव्हाही कुणाच्या तरी फोनमध्ये असेल.

मूल सांगतं ते असं

मुलं आपल्या भाषेत सांगत नाहीत. "दादाने माझी चिमणी ओढली" असं बालवाडीतलं पोर म्हणालं तर बाई खेळण्यातली चिमणी शोधायला लागतील. घरी लघवीच्या जागेला चिमणी म्हणतात हे त्यांना कसं कळणार? म्हणून शरीराच्या अवयवांची खरी नावं मुलांना नाक-कान शिकवतो त्याच सुरात शिकवावीत.

बरीच मुलं तर शब्दांनी सांगतच नाहीत. शिकवणीच्या वेळीच पोट दुखतं. सुटलेलं अंथरुणातलं शू करणं पुन्हा सुरू होतं. बाहुलीशी खेळताना वयाला न शोभणारं काही दिसतं. उकाड्यातही मुलगी आत दुहेरी कपडे घालते. यातलं एखादं लक्षण दिसलं म्हणजे अत्याचार झालाच असं नाही, पण अचानक झालेल्या बदलाकडे काणाडोळा करायचा नाही.

मुलाने तोंड उघडलंच, तर आपला चेहरा सांभाळायचा. आपण हादरलेले दिसलो की मूल तिथेच थांबतं. "तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही," एवढं म्हणायचं. "मग?" "पुढे काय झालं?" असं विचारायचं, आणि तेही गरजेपुरतं. "काकांनी इथे हात लावला का?" असं आपणच नाव आणि जागा पुरवून विचारायचं नाही, कारण मग मूल आपल्याला खूश करायला हो म्हणतं आणि पुढे न्यायालयात तेच त्याच्यावर उलटतं. "मी कुणाला सांगणार नाही" असं वचन तर मुळीच द्यायचं नाही, ते पाळता येणार नसतं. त्याऐवजी "तुला सुरक्षित ठेवायला मला एक-दोघांना सांगावं लागेल" हे खरं ते सांगावं. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहून ठेवावेत. घटना ताजी असेल तर मुलाला आंघोळ घालू नये, कपडे धुऊ नयेत. ते कागदी पिशवीत ठेवावेत, प्लास्टिकमध्ये ओल धरते. आणि लगेच दवाखाना गाठावा, कारण एचआयव्ही आणि गर्भधारणा टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. डॉक्टरांनी आधी एफआयआरचा कागद मागायचा नसतो. उपचार मोफत करायचे असतात, आणि मुलगी असेल तर तिची तपासणी स्त्री डॉक्टरनेच करायची.

पोलिसांना फोन केल्यावर काय होतं, ही पालकांची सगळ्यात मोठी धास्ती. मुलाला चौकीत बसवतील, वर्दीतले चारजण प्रश्न विचारतील, हे चित्र डोळ्यांसमोर येतं. कायदा काय म्हणतो ते ऐका, आणि तसं होत नसेल तर तिथल्या तिथे बोलून दाखवा. जबाब मुलाच्या घरी किंवा मुलाला सोयीच्या जागी घ्यायचा. शक्यतो स्त्री पोलीस उपनिरीक्षकाने, साध्या कपड्यांत. आई-वडील किंवा मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे ती व्यक्ती शेजारी हवी. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवायचं नाही. चोवीस तासांच्या आत पोलिसांनी बाल कल्याण समितीला कळवायचं. ही समिती प्रत्येक जिल्ह्यात असते, एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत किमान एक स्त्री. समिती मुलासाठी एक सहाय्यक व्यक्ती नेमून देऊ शकते. ती दवाखान्यापासून न्यायालयापर्यंत सोबत असते, तारखा सांगते, धीर देते. अशी व्यक्ती समितीकडे मागून घ्या, आपणहून दर वेळी मिळेलच असं नाही. आर्थिक मदतीसाठी महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं.

न्यायालयात मुलाला आरोपीच्या समोर आणायचं नाही. आड पडदा किंवा व्हिडिओची सोय करायची. वकिलाने मुलाला थेट प्रश्न विचारायचे नाहीत, ते न्यायाधीशांकडे द्यायचे आणि न्यायाधीशांनी विचारायचे. खटला होता होईल तो वर्षाच्या आत संपवायचा. प्रत्यक्षात बरेच खटले त्यापेक्षा खूप लांबतात, आणि ही आपल्या व्यवस्थेची मोठी उणीव आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला बालवाडीतल्या दोन चिमुरड्यांच्या पालकांना तक्रार नोंदवण्यासाठीच तासन्‌तास ताटकळावं लागलं. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले, मग उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. वेळेवर न कळवल्याबद्दल शाळेच्या व्यवस्थापनावरही पोक्सोखाली कारवाई झाली. तिथेही काही तास, काही दिवस 'आधी बघू, चौकशी करू' यातच गेले होते.

एक गुंता इथे मोकळेपणाने सांगायला हवा. सोळा-सतरा वर्षांची मुलगी आणि तिच्याच वयाचा मुलगा स्वखुशीने एकत्र आले, तरी कायद्याच्या लेखी तो गुन्हाच ठरतो, आणि प्रेमप्रकरण मोडायला घरचे लोक पोक्सोचा वापर करतात. त्या भीतीपोटी गरोदर मुली दवाखाना टाळतात. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अशा वेळी मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने तिचं नाव पोलिसांना देण्याची गरज नाही. याहून पुढचा तोडगा अजून निघालेला नाही.

सोमवारची खिचडी

मार आणि लैंगिक अत्याचार लोकांना पटकन समजतो. हेळसांड दिसतच नाही, कारण त्यात कुणी काही 'करत' नसतं. अंगावर वळ नसतो. जेवण, औषध, शाळा, लक्ष, यांतलं काहीतरी रोज थोडं थोडं कमी पडत जातं.

माझ्या वर्गात, चौथीत, एक मुलगा होता. दर सोमवारी तो पोषण आहाराची खिचडी तीनदा वाढून घ्यायचा. शुक्रवारी मात्र तो कमी खायचा आणि उरलेली झाकणाच्या डब्यात भरून दप्तरात ठेवायचा. मी त्याला हावरट समजले होते. खिचडी शिजवणाऱ्या ताईंनी एक दिवस मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "बाई, त्याची बहीण लहान आहे. शनिवार-रविवार त्यांच्या घरी चूल नाही पेटत." आई वारलेली, बाप ऊसतोडीला कारखान्यावर, घरी नीट दिसत नसलेली आजी. मी त्याच्याकडे जून महिन्यापासून बघत होते आणि मला ते दिसलं नव्हतं. ताईंना दिसलं.

हा गुन्हेगार बाप नव्हता. मराठवाड्यातून हजारो जोडपी दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात, आगाऊ घेतलेली उचल फेडायला. पोरांना फडावर न्यावं तर शाळा बुडते, गावी ठेवावं तर पोटाची आबाळ होते. गरिबी आणि हेळसांड या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्यांची गल्लत केली की आपण गरीब आईबापांची मुलं हिसकावून घ्यायला लागतो. २०१५ चा बाल न्याय कायदा हे ओळखतो. मुलाची पहिली जागा कुटुंबात, संस्था हा अगदी शेवटचा पर्याय, असं त्यात तत्त्व म्हणून लिहिलं आहे. जाणूनबुजून मुलाला मारणाऱ्या, सोडून देणाऱ्या, त्याची हयगय करणाऱ्या सांभाळकर्त्याला मात्र त्याच कायद्याच्या कलम ७५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

त्या मुलाचं प्रकरण आम्ही बाल कल्याण समितीपुढे नेलं. मला भीती होती की दोघांना दोन वसतिगृहांत टाकतील. तसं झालं नाही. समितीने घरी जाऊन पाहणी करायला सांगितली, आत्याला बोलावून घेतलं आणि बालसंगोपन योजनेचा अर्ज भरायला लावला. घरातच राहणाऱ्या, पण आधार नसलेल्या मुलांसाठीची ही राज्य सरकारची योजना आहे. तिची रक्कम आता दरमहा २,२५० रुपये आहे. तेव्हा ती बरीच कमी होती. मंजुरी यायला आठ महिने लागले. तोवर शुक्रवारचा डबा ताईच भरून देत होत्या.

मदतीचा नंबर १०९८. टाटा समाजविज्ञान संस्थेतून १९९६ साली मुंबईत ही हेल्पलाइन सुरू झाली, ती रस्त्यावरच्या मुलांसाठी. आता ती सरकारच्या महिला व बालविकास विभागाकडे आहे आणि ११२ या आपत्कालीन नंबरला जोडलेली आहे. फोन कोणत्याही वेळी लागतो, पैसे पडत नाहीत. मूल स्वतःही करू शकतं. पलीकडचा माणूस विचारतो: मूल कुठे आहे, अंदाजे वय काय, आत्ता या क्षणी ते सुरक्षित आहे का, तुम्ही काय पाहिलं किंवा ऐकलं. एवढं सांगता आलं तरी पुरतं. आपलं नाव सांगायची इच्छा नसेल तर तसं म्हणा, माहिती तरीही घेतली जाते.